पहिल्या फेऱ्याला अडकणारं इंजिन आणि गंजलेला बेंड

वाचकाचं पत्र:

साहेब, आम्ही देवबागला पर्यटकांसाठी बोट चालवतो. मेहुणा आणि मी भागीदार. दोन वर्षांपूर्वी गोव्याहून वापरलेली फायबर बोट घेतली. आत चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, आठेक वर्षं जुनं, कूलंटनं (आत फिरणाऱ्या थंडाव्याच्या द्रवानं) थंड होणारं. मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणाऱ्या भागाला, जिथे एक्झॉस्टचा बेंड, म्हणजे धुराचा वाकडा पाइप, बसतो त्या जोडावर तांबूस ओघळ आलेत, कडेला मिठाची पूड जमते. आमचे मेकॅनिक काका आयुष्यभर ट्रॉलरची इंजिनं करत आलेत. ते म्हणतात, बेंड काढू, वेल्डिंग मारू, दोन सीझन बघायला नको. मेहुणा म्हणतो, स्टेनलेसचा करून घेऊ, नाहीतर कोल्हापूरहून ओतून आणू. कंपनीचा बेंड महाग आहे आणि यायला वेळ लागेल. नाताळ तोंडावर आलाय, तेवढी गर्दी निघून जाईल का? काकांचा शब्द मोडायलाही जड वाटतं. बाकी इंजिन चांगलं आहे. फक्त सकाळी पहिला स्टार्टर मारला की अर्धा फेरा फिरून अडकतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला सुटतं, मग थोडा वेळ पांढरा धूर येतो.

– एक बोटमालक, देवबाग

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. सकाळी इंजिन अर्धा फेरा फिरून अडकतं. हे वाचत असाल तिथपासून त्या इंजिनाला स्टार्टर मारू नका. बॅटरी उतरली असेल किंवा स्टार्टरचे कार्बन झिजले असतील, असंही कुणी म्हणेल, आणि तसं असूही शकतं. पण बेंडच्या जोडावर गंजाचे ओघळ आणि रात्रभर उभं राहिल्यावर अडकणारं इंजिन, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की पहिला संशय पाण्यावर घ्यायचा. बहुतेक तुमच्या एखाद्या सिलिंडरमध्ये रात्रीतून खारं पाणी उतरतंय.

पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. डिझेल इंजिनात पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर फार थोडी जागा उरते. अर्ध्या लिटरचा सिलिंडर आणि १८:१ कॉम्प्रेशन धरलं, तर ही जागा ३० मिलिलिटरच्या आसपास भरते, म्हणजे दोन मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टनला वर जायला वाटच नसते. आजवर दर सकाळी तुमचा स्टार्टर हरला आणि थांबला, म्हणून इंजिन शाबूत आहे. ज्या दिवशी दुसरा एखादा सिलिंडर आधी पेटेल आणि इंजिन स्वतःच्या जोरानं त्या पाण्यावर आदळेल, त्या दिवशी कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकेल. त्यानंतर प्रश्न बेंडचा राहणार नाही, अख्ख्या इंजिनाचा होईल.

तेव्हा आधी हे करा. बॅटरीचा स्विच बंद करा आणि समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद करा. किल्ली काढून खिशात ठेवा, म्हणजे कुणी सवयीनं स्टार्ट करणार नाही. मग ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे प्लग) असतील तर ते काढा, नसतील तर नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा. कॉमन रेलचं, म्हणजे सामाईक नळीतून फार मोठ्या दाबानं डिझेल देणारं इंजिन असेल तर नोजलच्या पाइपांना स्वतः हात लावू नका, ते काम ज्याला येतं त्यालाच बोलवा. आता क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं, सावकाश, दोन पूर्ण फेरे फिरवा. तोंड त्या भोकांपासून लांब ठेवा. पाणी असेल तर ते बाहेर येईल, आणि कुठल्या नंबरच्या सिलिंडरमधून आलं ते लिहून ठेवा. पुढे शोध घ्यायला तोच पुरावा उपयोगी पडेल. ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर पाणी रिंगांच्या कडेनं खाली तेलातही पोचलंय. मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे, आणि दुरुस्तीनंतर थोडा वेळ इंजिन चालवून पुन्हा बदलायचे.

पाणी निघालं तर सिलिंडरमध्ये पातळ तेल फवारा आणि सुटा भाग येईपर्यंत रोज हातानं दोन-चार फेरे फिरवत राहा. खाऱ्या पाण्यानं ओल्या झालेल्या सिलिंडरच्या भिंतीवर गंज चढायला आठवडा लागत नाही. आजचं काम उद्यावर ढकलू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगतो.

आता हे पाणी येतं कुठून. तुमच्या इंजिनाच्या आत कूलंट फिरतं, समुद्राचं पाणी कूलरमधून जाऊन शेवटी बेंडमध्ये येतं. तिथे ते धुरात सोडलं जातं आणि धूर-पाणी दोन्ही एकत्र रबरी होजमधून मागे बाहेर पडतात. लोडवर धावणाऱ्या डिझेलचा धूर ४०० ते ५०० अंश सेल्सिअसचा असू शकतो. पाणी मिसळलं की तो एवढा निवतो की पुढे साधा रबरी पाइप चालतो. म्हणजे सगळी आग आणि सगळं मीठ एकमेकांना भेटतं ते या एका वीतभर तुकड्यात. बेंड दुहेरी भिंतीचा असतो, आतल्या नळीतून धूर आणि तिच्याभोवती पाणी. अरबी समुद्राच्या एका लिटर पाण्यात ३५ ग्रॅमच्या वर मीठ असतं. जिथे पाणी धुरात पडतं तिथे त्यातलं थोडं तापून उडून जातं, मीठ मागे राहतं, त्यात काजळी मिसळते आणि भोकं बुजत जातात. डिझेलमधल्या गंधकापासून आम्लही तयार होतं. १ एप्रिल २०२० पासून पंपावर बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात गंधक १० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दहा) खाली आलंय, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे. मिठाचा मात्र तसाच आहे.

मधली भिंत दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते. ती फुटली किंवा जोडाचं पॅकिंग गेलं, की पाणी पुढे जायच्या ऐवजी मागे, मॅनिफोल्डकडे झिरपतं. इंजिन चालू असताना धुराचा जोर त्याला बाहेर ढकलत राहतो, त्यामुळे दिवसभर काहीच जाणवत नाही. संध्याकाळी इंजिन बंद केलं की बेंडमध्ये साठलेलं पाणी थेंबाथेंबानं खाली उतरतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वाल्व उघडा राहिलाय त्यात जाऊन बसतं. तुमचं इंजिन सकाळीच का अडकतं, दुपारी का नाही, ते यातून उलगडेल. पांढऱ्या धुराचंही तसंच. वाफ असेल तर हवेत लगेच विरते. न जळलेल्या डिझेलचा धूर रेंगाळतो आणि डोळ्यांना झोंबतो.

तरीही बेंडलाच फाशी देण्याआधी आणखी दोन जागा तपासा. एक म्हणजे पाणी धुरात पडतं ती जागा पाण्याच्या रेषेपासून किती वर आहे ते मोजा, आणि मोजताना बोट रिकामी नको, माणसं भरलेली हवी. ती जागा १५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीवर असेल, तर पाण्याच्या पाइपला वर उचललेला वळसा आणि त्याच्या माथ्यावर हवा घेणारा सायफन वाल्व असलाच पाहिजे. तो वाल्व मिठानं चिकटला की उभ्या बोटीत समुद्र आपणहून आत येत राहतो. दुसरी जागा सायलेन्सर. सकाळी इंजिन पकडत नाही म्हणून कुणी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत बसलं, तर दर वेळी पंप पाणी ओढतो, धुराचा जोर नसल्यानं ते बाहेर जात नाही, सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं फिरतं. इंजिन पकडत नसेल तर कॉक बंद करूनच स्टार्टर मारायचा आणि पकडल्याबरोबर उघडायचा, ही सवय तुम्हा दोघांनाही आणि खलाशालाही लागली पाहिजे.

बेंड काढल्यावर आत टॉर्च मारा. निरोगी एक्झॉस्टमध्ये सुकी, काळी काजळी दिसते. नारिंगी गंज, ओल, किंवा काजळी धुऊन गेलेले चकचकीत पट्टे दिसले तर पाणी तिथूनच आलंय. मॅनिफोल्डच्या तोंडातही बघा, आणि ज्या नंबरमधून पाणी निघालं होतं त्याच्याशी ताडून बघा. मॅनिफोल्ड कूलंटनं थंड होतो की समुद्राच्या पाण्यानं, हेही पाइप धरून शोधून ठेवा. कूलंटचा असेल तर तो बेंडपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो. खाऱ्या पाण्याचा असेल तर बेंडला जे लागू, ते त्यालाही लागू.

आता काकांच्या वेल्डिंगबद्दल. काका चुकीच्या अनुभवातून बोलत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉलरवर एक्झॉस्ट सुका असतो, साध्या लोखंडाचा पाइप, दोरीनं गुंडाळलेला, केबिनवरून उभा आकाशात गेलेला. त्यात पाणी येतच नाही. तो गंजून भोक पडलं तर पट्टी ठोकून वेल्ड मारणं हा अगदी योग्य इलाज आहे, फार तर थोडा धूर गळेल. काकांनी असे किती पाइप जोडले असतील. तुमच्या बोटीचा बेंड मात्र वेगळा आहे, त्याच्या भिंतीपलीकडे समुद्र आहे आणि उताराला इंजिन.

शिवाय तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आहे. बिडाला गंज चढतो तो साध्या लोखंडासारखा नाही. बिडात ३ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. खारं पाणी त्यातलं लोखंड हळूहळू विरघळवून नेतं आणि ग्राफाइट व गंज मूळ आकारात तसेच मागे राहतात. बाहेरून बेंड भरीव, काळाभोर, जागच्या जागी दिसतो, मापही बदललेलं नसतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं की ते आत रुततं आणि पेन्सिलच्या शिशासारखी काळी पूड निघते. अशा जागी वेल्ड पकडणार कशाला? धातूच उरलेला नाही. जिथे धातू आहे तिथे वेल्डिंगच्या उष्णतेनं बीड तडकतं, आणि तडकलं नाही तरी फ्लँज, म्हणजे जोडाची सपाट कडा, वाकते, म्हणजे जोड पुन्हा गळणार. बिडाचं वेल्डिंग होतच नाही असं मी म्हणत नाही. आधी सगळा भाग तापवून, निकेलच्या रॉडनं, सावकाश निववून करणारे कारागीर आहेत. गिअरबॉक्सच्या कव्हरसाठी, पंपाच्या पायासाठी जरूर करावं. समुद्राच्या पाण्यानं आठ वर्षं खाल्लेल्या दुहेरी भिंतीसाठी नको. बाहेरचं भोक बुजेल, आतल्या भिंतीतलं तसंच राहील, आणि धोका त्या आतल्या भोकाचाच आहे.

काकांना हे तोंडानं सांगू नका. बेंड काढायचं काम त्यांच्याच हातून करून घ्या आणि काढल्यावर स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याच हातात द्या. धातूची जाण असलेल्या माणसाला टोक रुतलेलं पुरेसं असतं. पुढे गंजलेले स्टड न तोडता काढणं हे या कामातलं सगळ्यात अवघड आणि नाजूक काम आहे, आणि त्यासाठी तुम्हाला त्यांचाच हात लागणार आहे. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मुरवून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी आधी किंचित घट्ट, मग सैल, असं पुढेमागे करत काढायचं. गॅसची ज्योत लावायची वेळ आली तर बिल्ज (बोटीचा आतला तळ) कोरडं करून, हवा खेळती ठेवून आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच.

तुमच्या मेहुण्याची स्टेनलेसची कल्पना टाकाऊ नाही, पण बाजारात तिच्या नावावर फार काही खपतं. ३०४ नावाचं स्टेनलेस स्वयंपाकघराला छान. गरम, खाऱ्या, साचलेल्या पाण्यात त्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते आरपार जातात. किमान ३१६एल हवं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, जे मिठाला तोंड देतं, आणि कार्बन ०.०३ टक्क्यापर्यंतच असतो, म्हणून वेल्डच्या कडेनं धातू कुजत नाही. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, दुकानदारानं तसं करून दाखवलं तर दुसरं दुकान बघा. माल कुठल्या ग्रेडचा आहे याचं मिलचं सर्टिफिकेट मागा. वेल्डिंग टिगचं (आर्गॉन वायूच्या आडोशात केलेलं), रॉडही ३१६एलची, आणि नंतर वेल्डचा काळानिळा डाग आम्लानं साफ केलेला हवा. एवढं सगळं केलं तरी माझी एक धास्ती उरते. बिडाचा बेंड जाड असतो आणि जाण्याआधी ओघळ दाखवतो, तुम्हाला दाखवलेच. पातळ पत्र्याचं स्टेनलेस बाहेरून चमकत असतानाच वेल्डपाशी आतून जातं. पाण्याची भोकं किती मोठी, कुठल्या कोनात, हेही फॅब्रिकेटरच्या अंदाजावर राहतं, आणि पाणी धुरात नीट पसरलं नाही तर होजची एक बाजू भाजते.

कोल्हापूरचं म्हणाल तर तिथल्या फाउंड्र्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. ऑइल इंजिनांचे आणि गाड्यांचे अवघड भाग तिथे वर्षानुवर्षं ओतले जातात. अडचण तुमच्या नगाची आहे. एका बेंडसाठी पॅटर्न (साचा करायचा नमुना) आणि आतल्या पोकळीचा कोअर (पोकळीच्या आकाराचा गाभा) बनवायचा खर्च नव्या बेंडहून जास्त होईल. आणि नमुना म्हणून तुम्ही जो जुना बेंड न्याल त्याची मापं गंजानं आधीच बिघडवलेली असणार, पाण्याची वाट रुंद झालेली आणि भिंत पातळ झालेली. त्याची हुबेहूब नक्कल म्हणजे जन्मतःच झिजलेला बेंड. मात्र तारकर्ली, देवबाग, मालवण, वेंगुर्ला मिळून त्याच मॉडेलची आठ-दहा इंजिनं असतील, तर सगळ्यांनी मिळून एक नवा कोरा बेंड विकत घ्या, त्यावरून पॅटर्न करा आणि प्रत्येक नग पाण्याच्या दाबाखाली तपासून घ्या. हे खरंच व्हावं असं मला वाटतं. कोकणात पर्यटनाच्या बोटी वाढल्या, पण त्यांचे सुटे भाग अजून मुंबईच्या किंवा परदेशाच्या वाटेकडेच डोळे लावून असतात. हे पुढच्या पावसाळ्यातलं काम. आजचा प्रश्न त्यानं सुटणार नाही.

आज कंपनीचा किंवा खात्रीच्या उत्पादकाचा, तुमच्याच मॉडेल नंबरचा नवा बेंड मागवा. सोबत पॅकिंग, नवे स्टड-नट, बेंडपासूनचा होज आणि क्लिपा. जुन्या होजची आतली बाजू बोटानं चाचपा, कडक, चिरलेली किंवा सुटलेली असेल तर तो बदलाच. होजला प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, आणि पट्टीपासून स्क्रूपर्यंत सगळ्या स्टेनलेसच्या. पट्टी चमकते आणि स्क्रू गंजतो अशा क्लिपा बाजारात ढिगानं आहेत.

बसवण्याआधी मॅनिफोल्डच्या फ्लँजवर सरळ पट्टी उभी धरून खाली उजेड दिसतो का बघा. दिसला तर फ्लँज लेथवाल्याकडून सपाट करून घ्या. वाकलेल्या फ्लँजवर नवं पॅकिंग म्हणजे पैसे पाण्यात. जुनं पॅकिंग खरवडताना मॅनिफोल्डच्या तोंडात फडकं कोंबा आणि शेवटी ते काढायला विसरू नका. पॅकिंगला सिलिकॉन फासायचा मोह होतो, पण इंजिनाच्या पुस्तकात लिहिलं नसेल तर लावू नका. तो आत लोंबतो, सुटतो आणि पाण्याच्या भोकात अडकतो. स्टडच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावा, म्हणजे पुढच्या वेळी काकांना रात्रभर तेल मुरवावं लागणार नाही. आवळताना टॉर्क पाना वापरा, समोरासमोरचे नट घ्या, दोन-तीन टप्प्यांत. इंजिन गरम करून, पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. आणि बेंडवर रंगानं महिना-वर्ष लिहा.

या बेंडकडे इंजिनाचा भाग म्हणून बघू नका, इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) आणि फिल्टर यांच्या, म्हणजे वेळच्या वेळी बदलायच्या भागांच्या, रांगेत बसवा. खाऱ्या पाण्यात बिडाचा बेंड साधारण पाच वर्षांचा धनी. देखभाल चांगली असेल तर सात, आणि आपल्यासारख्या गरम पाण्यात, रोज धावणाऱ्या बोटीवर तीन-चार वर्षांतही जातो. तुमच्या इंजिनावरचा आठ वर्षांचा मूळचाच असेल तर त्यानं आपलं काम केव्हाच पुरं केलंय. गोव्याच्या आधीच्या मालकाला एक फोन करून तो कधी बदलला होता हे विचारा. बोटीच्या तळाला लावलेलं जस्त बेंडला वाचवेल अशी पुष्कळांची समजूत असते. जस्त ज्या पाण्यात बुडालंय त्याच पाण्यातल्या, जवळच्या धातूला वाचवतं. बेंडच्या आत त्याचा काही उपयोग नाही.

चालू बोटीवर लक्ष ठेवायला लेझरचा ठिपका पाडणारी तापमानाची बंदूक घ्या, फार महाग नसते. नवा बेंड बसवल्यावर नेहमीच्या वेगाला, पाणी मिसळल्यानंतरच्या भागाचं आणि होजचं तापमान लिहून ठेवा. निरोगी असेल तर तिथे हात टेकवता येतो. पुढे महिन्यातून एकदा त्याच जागी मोजा. आकडा चढू लागला म्हणजे पाणी कमी येतंय, इम्पेलर, कूलर किंवा बेंडची भोकं यांपैकी काहीतरी बुजतंय. कर्ली खाडीच्या वाळूमिश्रित पाण्यात इम्पेलर लवकर झिजतो. त्याची पाती तुटून कूलरच्या तोंडाशी अडकतात, म्हणून जुना इम्पेलर काढताना सगळी पाती मोजा.

आता नाताळ. नाही, ही बोट माणसं घेऊन बाहेर जाणार नाही. खाडी आणि समुद्राच्या संगमाच्या तोंडाशी ओहोटीच्या ओढीत इंजिन बंद पडलं आणि पुन्हा सुरूच झालं नाही, तर काय होतं हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तुमची बुकिंगं शेजारच्या बोटवाल्यांना द्या किंवा बोट भाड्यानं घेऊन चालवा. चार पैसे कमी सुटतील. बेंड सीझनच्या ऐन मध्यात आला तरी अर्धा सीझन तुमच्या हातात राहतो, रॉड वाकला तर एकही दिवस राहणार नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जो जोड पाणी गाळतो तो धूरही गाळतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. डिझेलमध्ये तो पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी असतो, शून्य नसतो. डॉल्फिन दाखवताना तुम्ही बोट अगदी हळू चालवता, वारा मागून असेल तर धूर बोटीतच घोटाळतो, आणि कडेचे पडदे सोडलेले असतील तर आतच राहतो. मागच्या बाकावरच्या मुलाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, की सगळे म्हणतात बोट लागली. दोन-तीन जणांना एकदम तसं झालं, किंवा शांत समुद्रात झालं, तर धुराचा संशय घ्या. पडदे वर करा, बोटीचं तोंड वाऱ्यात धरा, त्यांना पुढे मोकळ्या हवेत आणा. कुणी गुंगीत गेलं तर सरळ किनारा आणि दवाखाना. पेट्रोलच्या बोटी असलेल्या तुमच्या शेजाऱ्यांनाही हे सांगा, त्यांना ते तुमच्याहून जास्त लागू आहे.

राहिली शाकारणी, म्हणजे पावसाळ्यापुरती बोट आवरून ठेवणं. मेअखेर ते ऑगस्टअखेर बोट बंद असते आणि सिंधुदुर्गात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या तीन महिन्यांत बेंडच्या पोकळीत खारं पाणी तसंच राहिलं, तर सगळ्या सीझनमध्ये होत नाही एवढा गंज तेव्हा चढतो. म्हणून शेवटच्या फेरीनंतर इंजिनाला गोडं पाणी पाजा. कॉक बंद करून पंपाची ओढणारी नळी पाण्याच्या पिंपात सोडा, इंजिन चालू करा, पिंप भरतं ठेवत दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि पिंप रिकामं व्हायच्या आत बंद करा. नळाचा पाइप थेट इंजिनाला जोडून, इंजिन बंद असताना पाणी सोडू नका. नळाच्या दाबानं सायलेन्सर भरून तेच पाणी सिलिंडरमध्ये जातं, आणि बोट वाचवायला निघालेला माणूस तिचं इंजिन बुडवतो. मग बेंड आणि सायलेन्सरमधलं पाणी काढून टाका, इम्पेलर काढून ठेवा, मागचं एक्झॉस्टचं तोंड फडक्यानं बंद करा आणि तशी चिठ्ठी किल्लीला बांधा. त्याच वेळी बेंड उतरवून एकदा आत बघा. दर वर्षी. त्या दिवसांत तुम्हालाही वेळ असतो, काकांनाही.

उतरवलेला बेंड तपासायला एक सोपी रीत आहे. पाण्याच्या वाटा लाकडी बुचांनी बंद करा, पोकळीत डिझेल भरा आणि रात्रभर कागदावर ठेवून द्या. सकाळी धुराच्या नळीत किंवा कागदावर ओल दिसली तर तो बेंड परत चढवायचा नाही. डिझेल पाण्यापेक्षा बारीक फटीतून झिरपतं, त्यामुळे उद्या गळणारा बेंडही आज सापडतो. आतले पोपडे काढायला विनेगर किंवा सायट्रिक आम्ल वापरा, संडास धुण्याचं आम्ल नको, ते गंजाबरोबर बीडही खातं. पोपडे निघाल्यावर भोक उघडं पडलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते आधीपासून होतंच.

नोजल किंवा ग्लो प्लग काढून झाले की कुठल्या सिलिंडरमधून किती पाणी आलं ते कळवा. बेंडच्या फ्लँजचे आणि मॅनिफोल्डच्या तोंडाचे उजेडात काढलेले फोटो, इंजिनाच्या पाटीवरचा मॉडेल नंबर आणि माणसं भरल्यावर मोजलेली ती उंची, एवढं पाठवलंत तर सायफन वाल्व हवा की नको तेही सांगतो.